पान घरात आलं की आपलं

ब्राउझर जसा आला तसाच वर्षानुवर्षं वापरणाऱ्या माणसांचं मला खरंच कोडं आहे. मोबाइलला कव्हर पाहिजे, स्क्रीनगार्ड पाहिजे, पावसाळ्यात ॲक्टिवाच्या सीटला प्लास्टिक पाहिजे, पण ज्या खिडकीत सकाळपासून डोळे लावून बसायचं ती मात्र कंपनीने दिली तशीच चालते. मी घरून अकाउंट्सचं काम करते, नाशिकच्या इंदिरानगरला, क्लायंट बहुतेक निफाड, पिंपळगाव, दिंडोरी साइडचे, कांदा, द्राक्षं, टोमॅटो, एक नर्सरीवाले आणि अंबड एमआयडीसीतले दोन-चार छोटे जॉबवर्कवाले. म्हणजे जीएसटी, टीडीएस, ई-वे बिल, बँका, सगळं ब्राउझरमधेच. टॅली सोडलं तर ब्राउझर हेच माझं ऑफिस, आणि ऑफिसात खुर्ची कुठे ठेवायची हे मी ठरवणार, दुसरं कोणी कशाला ठरवेल?

मागे पिंपळगावच्या एका व्यापाऱ्यांच्या ऑफिसात बसून त्यांच्याच कॉम्प्युटरवर रिटर्न भरायची वेळ आली. ओटीपीची वाट बघत होते म्हणून सहज एक बातमी उघडली. वर पट्टी, खाली पट्टी, कोपऱ्यात आपोआप सुरू झालेला व्हिडिओ आणि तोही आवाजासकट, मधेच 'नोटिफिकेशन अलाउ करा', ते बंद करायला गेलं तर फुली इतकी बारीक की बोट चुकून जाहिरातीवरच, आणि या सगळ्याच्या मधे कुठेतरी दोन बोटं जागेत बातमी. म्हटलं, "दादा, तुम्ही रोज हे असंच वाचता?" तर ते शांतपणे म्हणाले, "मग कसं वाचायचं ताई? नेट म्हटलं की हे आलंच."

हे 'आलंच' मला काही पटत नाही.

आमच्या घरी बाबा, म्हणजे माझे सासरे, प्रेसमधून रिटायर झालेले. नाशिकरोडला नुसतं प्रेस म्हटलं की नोटांची प्रेस, वेगळं सांगावं लागत नाही. आयुष्यभर कागदाची चूक शोधण्यात गेलेला माणूस. त्यांचं पेपर वाचणं बघण्यासारखं असतं. आधी बाहेरचं गुळगुळीत जाहिरातीचं पान सोलून काढायचं, प्लॉट आणि क्लासेसच्या पुरवण्या न उघडता थेट रद्दीत, मग लाल पेन घेऊन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करायच्या (कोणाला दाखवायला नाही, स्वतःच्या समाधानासाठी), आणि शेवटी कात्रीने हवं ते कात्रण कापून फाइलला. आजवर एकाही पेपरवाल्याने येऊन सांगितलं नाही की काका, आमचं पान असं कापू नका, आम्ही छापलंय त्याच क्रमाने वाचा. पान घरात आलं की ते आपलं. वेबपेजचंही मला तेच वाटतं. साइट आपल्याकडे मजकूर पाठवते आणि सोबत 'हे असं मांडा, हे इथे दाखवा, याला तिकडून बोलवा' अशी सूचनांची थप्पी पाठवते, पण प्रत्यक्ष मांडणी होते ती माझ्या लॅपटॉपवर, माझ्या वीजबिलावर आणि माझ्या डेटावर. त्यातल्या कुठल्या सूचना पाळायच्या हे मी ठरवू शकते, आणि ॲड-ऑन नावाची छोटी छोटी सॉफ्टवेअरं नेमकी त्याचसाठी आहेत. २००४ च्या नोव्हेंबरमधे फायरफॉक्स ब्राउझरचं पहिलं पूर्ण व्हर्जन आलं तेव्हापासून ही सोय आहे, क्रोमने २०१० मधे दिली, आणि तरी अजून निम्म्या लोकांना ब्राउझरच्या कोपऱ्यातला तो कोड्याच्या तुकड्यासारखा आयकॉन कशाचा हे माहीत नसतं.

कात्री म्हणून माझं पहिलं नाव यूब्लॉक ओरिजिन. नावाला फसू नका, नुसतं 'यूब्लॉक' नावाचं दुसरंच काहीतरी असतं, ओरिजिन बघून घ्यायचं. रेमंड हिल नावाच्या माणसाने २०१४ साली हे काम सुरू केलं. जाहिरात आल्यावर ती लपवायची असं नाही, जाहिरातीच्या सर्व्हरला निरोपच जाऊ द्यायचा नाही अशी याची पद्धत. कुठले पत्ते जाहिरातीचे, कुठले तुमच्या मागावर राहणारे, याच्या मोठ्या याद्या जगभरातली माणसं फावल्या वेळात सांभाळतात, हे ॲड-ऑन त्या याद्या वाचतं आणि पान उघडताना प्रत्येक मागणी त्यात तपासून बघतं. त्यामुळे पान हलकं येतं, लवकर येतं, आणि आमच्याकडे दुपारी नेट रडतं तेव्हा याचा फरक डोळ्याला दिसतो.

पण माझा खरा जीव आहे तो त्यातल्या ड्रॉपरच्या चित्रावर. आयकॉनवर क्लिक केलं की छोटी चौकट उघडते, त्यात तो ड्रॉपर. तो दाबला की पूर्ण पान जरा काळवंडतं आणि माउस जिकडे नेऊ तिकडचा तुकडा लालसर होतो. समजा बातमीच्या दर दुसऱ्या परिच्छेदानंतर येणारा तो 'हेही वाचा'चा डबा, वाचता वाचता मधेच कोणीतरी खांद्याला हात लावून दुसरीकडे बघायला सांगतंय असा. त्याच्यावर क्लिक केलं की खाली उजवीकडे एक ओळ तयार होते, दोन हॅशची चिन्हं आणि पुढे त्या डब्याचं साइटने ठेवलेलं नाव. प्रिव्ह्यू करून बघायचं, डबा गेला आणि बातमी राहिली ना, मग क्रिएट. संपलं. तो डबा त्या साइटवर पुन्हा दिसत नाही, निदान साइटवाले त्याचं नाव बदलेपर्यंत. बाबांना हे शिकवलं तर त्यांनी एका दुपारी साइटचा लोगोसुद्धा उडवला! म्हणे कोणाचा पेपर आहे ते मला माहितीये, रोज सांगायची काय गरज. सेटिंगमधे 'माय फिल्टर्स' म्हणून पान असतं तिथे जाऊन मी ओळी वाचल्या तर पंचांगाची चौकट, राशिभविष्य, क्रिकेटचा स्कोअर, सगळ्याला कात्री लागलेली. प्रेसमधला माणूस, काय बोलणार.

आता यावर कोणीतरी म्हणणारच की जाहिरातीवर साइट चालते, तू जाहिरात बघत नाहीस म्हणजे फुकट वाचतेस. बरोबर आहे, आणि मला त्याचं वाईटही वाटतं. म्हणून ज्या एका पेपरचं मी रोज वाचते त्याची डिजिटल वर्गणी भरते, आणि दोन-तीन लहान मराठी साइट्सवर, जिथे एखादी शांत जाहिरात बाजूला उभी असते, तिथे यूब्लॉकचं मोठं निळं बटण दाबून त्याला सुट्टी दिली आहे. जाहिरातीशी माझं भांडण नाही. रविवार कारंजावर दुकानांच्या पाट्या असतातच की. भांडण आहे ते मी काय वाचते, किती वेळ वाचते, नंतर कुठे जाते हे माझ्या मागे मागे येऊन लिहून घेणाऱ्यांशी. आणि ॲडब्लॉकवाल्यांमधेही सगळे संत नाहीत बरं का. ॲडब्लॉक प्लसने २०११ पासून 'चालण्याजोग्या जाहिराती' नावाची योजना काढली, त्यात ठरावीक नियमांत बसणाऱ्या जाहिराती सोडल्या जातात आणि मोठ्या कंपन्यांना त्यासाठी पैसे मोजावे लागतात. म्हणजे दरवानही आपणच ठेवला आणि चहापाणीही त्यानेच घेतलं. याउलट यूब्लॉक ओरिजिनचा हिल देणग्यासुद्धा घेत नाही, द्यायचंच असेल तर याद्या सांभाळणाऱ्यांचा विचार करा म्हणतो. या फरकावर पुढे येते.

मराठी वाचणाऱ्यांना तर ॲड-ऑनची सवय आधीपासूनच असायला हवी होती. २००५-०६ च्या सुमाराला मी कॉलेजला होते, कॉलेज रोडवर तेव्हा सायबर कॅफे होते, तासावर पैसे. मराठी पेपरांच्या साइट्स युनिकोडमधे, म्हणजे सगळ्या मशिनवर सारखीच अक्षरं दिसतील अशा पद्धतीत, नसायच्या, ज्याचा त्याचा वेगळा फॉन्ट, आणि तो मशिनवर नसेल तर स्क्रीनवर रोमन अक्षरं, डॉलर, टोप्या, स्वल्पविराम यांचा नुसता उकिरडा. फॉन्ट डाउनलोड करून टाकायला कॅफेवाला परवानगी द्यायचा नाही. तेव्हा फायरफॉक्ससाठी पद्मा नावाचं एक ॲड-ऑन होतं, ते असला मजकूर तिथल्या तिथे युनिकोडमधे बदलून दाखवायचं, तेलुगूपासून आपल्या देवनागरीपर्यंत. कोपऱ्यातल्या एका मशिनवर कोणीतरी ते टाकून ठेवलं होतं आणि त्या खुर्चीसाठी मी थांबायचे. उकिरड्याची एकदम बातमी व्हायची! पुढे सगळ्या साइट्स युनिकोडवर आल्या आणि त्याची गरजच संपली. ज्या सॉफ्टवेअरचं काम पूर्ण होऊन ते निवृत्त झालं अशी उदाहरणं फार थोडी, त्यात हे एक.

आज मराठी दिसतं, पण दिसायला हवं तसं दिसतंच असं नाही. बऱ्याच साइट्सवर अक्षर बारीक, ओळी एकमेकींना चिकटलेल्या, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतोय, कारण मांडणी रोमन अक्षरांच्या मापाने केलेली. इंग्रजीला पुरेल एवढी जागा आपल्या काना-मात्रा-रफाराला कशी पुरेल? यावर औषध म्हणजे स्टायलस. यात एखाद्या साइटसाठी आपण आपले नियम लिहून ठेवू शकतो, चार ओळी पुरतात. मी ओळींतलं अंतर अक्षराच्या १.८ पट केलं, अक्षर २० पिक्सेल, आणि फॉन्ट कधी मुक्त, जो मुंबईच्या एक टाइपवाल्यांनी केलाय, तर कधी टीरो देवनागरी मराठी. या टीरोमधे पाकळीचा ल आणि देठाचा श आपल्या वळणाचा येतो. बाबांना फॉन्टचं नाव वगैरे काही सांगितलं नव्हतं, नुसतं उघडून समोर ठेवलं तर चष्मा सरकवून म्हणाले, "हा, आता कसं शाळेच्या पुस्तकातला ल आला." रात्री वाचणाऱ्यांसाठी डार्क रीडर आहे, पानं काळी होतात आणि अक्षरं फिकट, पण काळ्यावर देवनागरीच्या बारीक रेषा पुसट होतात, त्यासाठी त्याच्या सेटिंगमधे टेक्स्ट स्ट्रोक म्हणून एक पट्टी आहे ती थोडीशी वाढवायची. फायरफॉक्सला मराठी शब्दकोशाचं ॲड-ऑनही मिळतं, चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ मारणारं. त्याचं आणि बाबांचं पटत नाही, ते सोडा.

कामासाठी म्हणाल तर मी ज्यावर जगते ते फायरफॉक्सचं मल्टी-अकाउंट कंटेनर्स, फायरफॉक्स काढणाऱ्या मोझिलाचंच आहे, २०१७ पासून. माझ्यासारख्या अकाउंटवाल्यांची अडचण अशी की एकाच पोर्टलवर पंधरा जणांची लॉगिनं. एकाच ब्राउझरमधे एक क्लायंट उघडा असताना दुसऱ्याचं लॉगिन केलं की पहिला बाहेर, आणि मग दोघांचे ओटीपी मागवत बसा. दोघंही त्या वेळेला नेमके मार्केटला लिलावात उभे, फोन उचलत नाहीत. कंटेनर्समधे प्रत्येक क्लायंटला वेगळा कप्पा, कप्प्यांच्या कुकीज, म्हणजे कोण लॉगिन आहे ते लक्षात ठेवायला साइटने ठेवलेल्या चिठ्ठ्या, एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे एकाच खिडकीत एकच साइट पाच जणांच्या नावाने शेजारी शेजारी उघडी राहते. प्रत्येक कप्प्याला रंग आणि चित्र देता येतं. कांदावाले नारिंगी, नर्सरीवाल्यांना झाडाचं चित्र, द्राक्षवाल्यांना फळाचं आणि जांभळा रंग, जॉबवर्कवाल्यांना ब्रीफकेस. टॅबवर तो रंग रेघेसारखा दिसतो आणि नजर टाकली की कोणाच्या घरात उभी आहे ते कळतं. २० तारखेच्या आदल्या रात्री, जीएसटीच्या थ्री-बी रिटर्नच्या गर्दीत, ही एक रंगीत रेघ म्हणजे काय चीज आहे ते ज्याचं त्याला माहीत.

पासवर्डसाठी बिटवॉर्डन. आधी सगळ्यांसारखीच एक डायरी होती, पेट्रोलपंपावरची भेट मिळालेली, आणि क्लायंट लोक तर व्हॉट्सॲपवरच पासवर्ड पाठवतात, वर 'डिलीट करा ताई' असंही लिहितात. बिटवॉर्डनचा पासवर्ड लक्षात ठेवण्यापेक्षा मोठा उपयोग वेगळाच आहे. तो पासवर्ड साइटच्या पत्त्याला बांधलेला असतो. बाबांच्या मोबाइलवर पेन्शनच्या नावाने एक मेसेज आला, लिंक उघडली तर बँकेचं पान हुबेहूब, लोगो तोच, रंग तोच. माणसाची नजर लोगो बघते, बिटवॉर्डन पत्ता बघतं, आणि पत्ता जुळत नव्हता म्हणून त्याने काही सुचवलंच नाही. बाबा म्हणाले, हे आज का भरत नाहीये? म्हटलं बाबा, ते भरत नाहीये हीच बातमी आहे, बंद करा ते.

आणि सगळ्यात मजेशीर प्रकार म्हणजे टॅम्परमंकी. हे स्वतः काहीच करत नाही, आपण लिहिलेल्या छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरला द्यायच्या सूचनांच्या ओळी, हव्या त्या पानावर चालवतं. कृषी पणन मंडळाच्या साइटवर रोजचे बाजारभाव येतात. कांदा निवडला की लांबलचक तक्ता, बाजार समिती, जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर, आणि खाली अख्ख्या महाराष्ट्रातल्या समित्या. कोल्हापूरपासून सुरू करून खाली येत राहायचं. आमच्या व्यापाऱ्यांना त्यातल्या नाशिक जिल्ह्याच्याच ओळी पाहिजेत, आणि त्याही सोप्या नाहीत, कारण लासलगाव वेगळं, लासलगाव - निफाड वेगळं, लासलगाव - विंचूर वेगळं, तसंच पिंपळगाव बसवंत वेगळं आणि सायखेडा वेगळं. माझा भाचा इथेच इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीच्या दिवशी मिसळ खाऊन आला आणि बसल्या बसल्या वीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहून दिली. वर पानाचा पत्ता, म्हणजे इतर कुठल्या साइटवर चालायचीच नाही, मग तक्त्यातली एकेक ओळ घे, तिच्यात यादीतलं नाव आहे का बघ, असेल तर पिवळी कर, नसेल तर लपव, आणि सर्वसाधारण दराचा रकाना ठळक. यादीत त्याने नुसतं 'लासलगाव' लिहिलं त्यामुळे तिन्ही लासलगावं आपोआप आली, मनमाड, येवला, कळवण, उमराणे नंतर मी टाकली. आता पान उघडलं की पिवळ्या सात-आठ ओळी आणि बाकी पांढरं. त्या पिंपळगावच्या व्यापाऱ्यांना दाखवलं तर ते आधी बघतच राहिले, मग म्हणाले, "ताई, सरकारने आपल्यासाठी वेगळं पान काढलं का?" सरकारने नाही हो, भाच्याने काढलं!

हे सगळं सांगताना जी गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली ती आता सांगते. कुठलंही चांगलं ॲड-ऑन टाकताना ब्राउझर एक वाक्य दाखवतो, सगळ्या वेबसाइट्सवरचा तुमचा सगळा डेटा वाचायची आणि बदलायची परवानगी. लोक ते न वाचता पुढे जातात. वाचलं तर घाबरायला होतं, आणि घाबरायलाच पाहिजे, कारण बँकेचं पान, मेल, पोर्टल, सगळं त्यात आलं. पण गंमत अशी की यूब्लॉकला जाहिरात कापायची तर पान बघावं लागणारच, डार्क रीडरला रंग बदलायचे तर तेच. परवानगी दोघांनाही सारखीच, प्रामाणिक माणसालाही आणि लबाडालाही. मग फरक कुठे उरतो? मागे कोण आहे त्याच्यात.

द ग्रेट सस्पेंडर आठवतंय का बघा. क्रोममधे न वापरलेल्या टॅब झोपवून रॅम वाचवणारं, जुन्या लॅपटॉपवाल्यांचं लाडकं, मीही आनंदाने वापरायचे. २०२० मधे मूळ लिहिणाऱ्याने ते दुसऱ्या कोणालातरी विकलं, तो कोण ते धड कळलंच नाही, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलने 'यात मालवेअर आहे' म्हणून सगळ्यांच्या ब्राउझरमधून बंद करून टाकलं. झोपलेल्या टॅब झोपेतच गेल्या. त्याच्याही आधी स्टायलिश होतं, साइटचा पेहराव बदलणारं, मालक बदलला आणि ते लोकांची ब्राउझिंग हिस्टरी गोळा करतंय हे २०१८ मधे उघड झालं, मग फायरफॉक्स आणि क्रोम दोघांनीही हाकललं. मी वर सांगितलेलं स्टायलस हे त्याच्याच जुन्या, चांगल्या काळातल्या कोडवरून दुसऱ्या लोकांनी उभं केलेलं. म्हणजे बघा, ॲड-ऑन तेच, नाव तेच, आयकॉन तोच, आणि एका रात्रीत आतला माणूस बदललेला, आणि अपडेट आपोआप होतात म्हणून आपल्याला पत्ताही नाही.

म्हणून मी फार थोडी ठेवते. मागे कोण आहे ते दिसतं का, कोड उघडा, म्हणजे कोणालाही वाचता येईल असा आहे का, फायरफॉक्सच्या दुकानात 'रेकमेंडेड'चा बिल्ला आहे का (तो असला तर मोझिलाची माणसं तपासत राहतात), आणि एवढ्याशा कामाला एवढी परवानगी कशाला, एवढं बघते. कूपन शोधून देणारी, स्क्रीनशॉट काढणारी, पीडीएफ जोडून देणारी असली फुकटची गर्दी क्लायंटच्या मशिनवर दिसली की आधी ती काढते, मग पाणी पिते. क्रोममधे एखाद्याला 'क्लिक केल्यावरच' चालायची मुभा देता येते, ते कोणी वापरत नाही, वापरावं.

चांगल्या माणसांच्या हातातही सगळं सुरळीत राहतं असं नाही. २०१९ चा मे महिना, नाशिकचं लोकसभेचं मतदान होऊन आठवडाही झाला नव्हता, ४ तारखेला शनिवारी सकाळी फायरफॉक्स उघडला तर सगळी ॲड-ऑन एकदम बंद. ॲड-ऑन खरी आहेत हे तपासणाऱ्या मोझिलाच्या एका सर्टिफिकेटची मुदत संपली होती आणि नव्याचं कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. जगभर हीच बोंब. नंतर त्यांनी दुरुस्ती पाठवली, झालं सगळं पूर्ववत, पण त्या शनिवारी कात्रीशिवायचं इंटरनेट बघितलं, तेही निवडणुकीच्या दिवसांतलं, म्हणजे विचारू नका.

आणि सध्याची लढाई क्रोमची. आधीच्या पद्धतीत ॲड-ऑन प्रत्येक मागणी स्वतः बघून 'ही जाऊ दे, ही अडव' असं जागच्या जागी ठरवायचं. नव्या पद्धतीत, मॅनिफेस्ट व्ही थ्री म्हणतात तिला, ॲड-ऑनने नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हातात द्यायची, अडवायचं काम ब्राउझर करणार, आणि यादीला मर्यादा. २०२४ पासून टप्प्याटप्प्याने जुनी पद्धत बंद करत आणली आणि २०२५ मधे क्रोमवर यूब्लॉक ओरिजिन चालायचं थांबलं, त्याच्या जागी यूब्लॉक ओरिजिन लाइट, कामचलाऊ पण हात बांधलेलं. गूगलचं म्हणणं, सुरक्षेसाठी आणि वेगासाठी. मी वर सस्पेंडरची गोष्ट सांगितली त्यामुळे हे कारण अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्याचा धंदा जाहिरातीवर चालतो त्यानेच जाहिरात कापायच्या कात्रीची धार किती असावी ते ठरवायचं, हे ऐकून बाबा नुसते हसले. फायरफॉक्सने जुनी पद्धतही चालू ठेवली आहे, म्हणून माझा मुक्काम तिकडे. फोनवरही तेच, क्रोममधे अँड्रॉइडवर ॲड-ऑन नाहीतच, फायरफॉक्सने २०२३ च्या डिसेंबरपासून फोनवरही भरपूर मोकळी केली, बाबांच्या फोनमधे यूब्लॉक तेव्हापासून आहे. तसे मोझिलावालेही काही कमी नाहीत, नंतर वाचायचं साठवून ठेवणारं पॉकेट त्यांनी विकत घेतलं आणि २०२५ च्या जुलैत बंदही केलं, बाबांची साठवलेली वाचायची यादी मला फाइल करून उतरवून घ्यावी लागली.

पिंपळगावच्या ऑफिसात मी शेवटी फायरफॉक्स आणि यूब्लॉक टाकून दिलं, बाजारभावाची पिवळी स्क्रिप्टही. ती बघून तिथल्या अजून चार जणांना हवी झाली, मग त्यांच्या पाहुण्यांना, लासलगावला, विंचूरला. दर वेळी टॅम्परमंकी टाका, कोड चिकटवा, हे फोनवर समजावताना मी घाईला आले. म्हणून भाचा म्हणाला की याचं स्वतंत्र ॲड-ऑन करूया, मोझिलाकडे फुकट टाकता येतं, क्रोमच्या दुकानात एकदाच पाच डॉलर भरावे लागतात, ते तू भर मावशी. नावही ठरवून आला होता. मी विचारलं, साइटने तक्त्याचे रकाने बदलले तर? करीन की दुरुस्त. परीक्षेत बदलले तर? मग जरा थांबतील लोक. आणि दोन वर्षांनी पुण्याला नोकरी लागली, आणि कोणीतरी येऊन म्हणालं की तुझं ॲड-ऑन पाच हजार शेतकरी वापरतात, हे घे दोन लाख, दे आम्हाला?

तो पोह्यांवरची शेव बाजूला करत बसला होता. बाबांनी पेपर खाली ठेवला.

"दोन लाख म्हणजे कमी आहेत ना रे?" बाबा म्हणाले.

"हो आजोबा," तो म्हणाला, "निदान पाच तरी पाहिजेत."